फळ्यावरचा तक्ता: प्रलयकथा शिकवताना बिघडलेला एक तास आणि पुढचे तीन आठवडे

हे प्रकरण माझ्याच वर्गातलं आहे, आणि त्यातली पहिली चूकही माझी आहे.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या मुलांना मी जगातले धर्म आणि त्यांच्या पुराणकथा हा वैकल्पिक विषय शिकवते. दोन श्रेयांक, म्हणजे ३० तास. वर्गात कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांची मुलं असतात. कुणी मनापासून आलेलं असतं, तर कुणाला वेळापत्रकात नेमकी हीच वेळ मोकळी सापडलेली असते. त्या सत्रात ३८ जण होते. त्यांत शिरोळ तालुक्यातला एक मुलगा होता, वसईची एक मुलगी होती, कोंढव्याहून येणारी एक विद्यार्थिनी होती आणि संगणकशास्त्राचा एक मुलगा होता. हा शेवटचा पहिल्या दिवसापासून वाचून यायचा आणि वाद घालायला उत्सुक असायचा. जे घडलं ते बरंचसं या चौघांभोवती. नावं देत नाही.

प्रलयकथा हा भाग मी आवडीने ठेवला होता. मत्स्यावतार सगळ्यांना ठाऊक असतो, नोहाची (कुराणातल्या नूहची) नाव ऐकलेली असते. त्यामुळे परक्या धर्मांकडे जायला हा सोपा रस्ता आहे, असा माझा समज होता.

त्या सोमवारी मी फळ्यावर मोठा तक्ता काढला. वर शीर्षक लिहिलं, 'प्रलयाचं मिथक'. खाली पाच रकाने: मेसोपोटेमिया, बायबल, कुराण, शतपथ ब्राह्मण (यज्ञविधींचा अर्थ सांगणारा वैदिक ग्रंथ), ग्रीस. डावीकडे मुद्दे: आधी मिळालेली सूचना, होडी, सोबतचे प्राणी, पक्षी, नाव टेकली तो डोंगर, वाचल्यावर केलेला यज्ञ किंवा पूजा. मग एकेक कथा दोन-तीन मिनिटांत सांगायची आणि त्या-त्या चौकटीत खूण करायची. तास रंगला. खुणा भरत गेल्या तशी मुलं पुढे सरसावून बसली. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा मी विचारलं, "हा तक्ता बघून काय वाटतं?"

तीन हात वर झाले.

संगणकशास्त्राचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मूळ एकच आहे आणि बाकीच्यांनी ते उचललंय. वेद सगळ्यांत जुने, म्हणजे मूळ आपलं." विज्ञान शाखेची एक मुलगी म्हणाली, "इतक्या लोकांनी तेच सांगितलं, म्हणजे पृथ्वीभर पूर खरंच आला असणार." तिसरा हात कोंढव्याच्या मुलीचा होता. ती उभी राहिली आणि फळ्याच्या वरच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, नूह अलैहिस्सलाम आमचे पैगंबर आहेत. तिथे मिथक लिहिलंय. म्हणजे खोटं का?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग मत्स्यावतारही खोटा?" त्याला कुणीतरी उत्तर दिलं, त्यावर तिसरा बोलला आणि घंटा झाली. रात्रीपर्यंत फळ्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून बाहेर पडला होता. वरची ओळ आणि दोनच रकाने दिसतील अशा बेताने तो कापलेला होता. सकाळी शिपाई प्राचार्यांचा निरोप घेऊन आला.

प्राचार्यांशी झालेलं बोलणं थोडक्यात सांगते, कारण या प्रकरणाचा जीव तिथे नाही. त्यांनी शांतपणे विचारलं की असा विषय महाविद्यालयात शिकवायला कायद्याची आडकाठी आहे का. नाही. राज्यघटनेचं कलम २८ सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या संस्थांमध्ये धार्मिक शिक्षणाला मनाई करतं. पण एखाद्या धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला. त्याच्याही बऱ्याच आधी, १९४८-४९ मध्ये, राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मसंस्थापकांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले प्रश्न शिकवावेत असं सुचवलं होतं. हे सगळं मी सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "कायद्याचं कळलं. वर्गाचं काय करणार ते तुम्ही ठरवा." पुढचा तास गुरुवारी होता.

मधल्या दोन दिवसांत मी माझ्याच तक्त्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. मुलांनी चुकीची उत्तरं दिली असं मला सोमवारी वाटलं होतं. बुधवारी रात्री लक्षात आलं की माझ्या तक्त्यातून तीच उत्तरं निघणार होती. सारखेपणाच्या खुणांनी भरलेला फळा समोर ठेवला आणि विचारलं काय वाटतं, तर कुणी म्हणणार 'नक्कल', कुणी म्हणणार 'पुरावा', आणि ज्याच्या श्रद्धेचा रकाना त्यात अडकलाय तो म्हणणार 'मला यातून बाहेर काढा'.

नेमकं हेच दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये घडलं होतं. जॉर्ज स्मिथ हा बँकेच्या नोटांचे ठसे कोरायला शिकलेला कारागीर ब्रिटिश म्युझियममध्ये अक्षरं कोरलेल्या मातीच्या विटांचे तुकडे जुळवायला लागला. विटा निनवेच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या, असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने लंडनच्या सभेत त्यातली पुराची कथा वाचून दाखवली. पंतप्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. नाव, सोडलेलं कबूतर, डोंगरावर टेकणं, सगळं ऐकून लोक थक्क झाले, आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणाला बायबल खरं ठरलं, दुसरा म्हणाला बायबल उसनं ठरलं. पुढच्याच वर्षी एका वृत्तपत्राने पैसे देऊन स्मिथला निनवेला पाठवलं. तिथे त्याला पुराच्या कथेचा आणखी एक तुकडा सापडला आणि हरवलेला भाग मिळाला असं त्याला वाटलं. पुढे कळलं की तो तुकडा वेगळ्याच रचनेचा, अत्रहसीस या पुरातून वाचलेल्या माणसाच्या काव्याचा होता. इतका बारीक नजरेचा माणूस, पण सारखेपणा शोधत असल्यामुळे हातातली दुसरी कथा त्याला पहिलीचाच भाग वाटली. तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, तिसऱ्या मोहिमेवरून परतताना अलेप्पोजवळ तो वारला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

गुरुवारी मी वर्गात ही हकिगत आधी सांगितली, आणि सांगितलं की मीही तेच केलं. मग फळ्यावर फक्त 'मिथक' हा एक शब्द लिहिला.

मराठीत या शब्दाची अडचण खरी आहे, आणि ती इंग्रजीतून शिकवणाऱ्याला सहजी दिसत नाही. 'मिथक' आपल्याकडे हिंदीतून आला. त्यामागे ग्रीक 'मुथॉस' आहे, म्हणजे सांगितलेली गोष्ट. पण मराठी कानाला तो 'मिथ्या'चा सख्खा भाऊ वाटतो. 'ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या' ऐकत वाढलेल्या माणसाला मिथक म्हटलं की खोटं ऐकू येणारच. आपल्याकडे 'पुराणकथा', 'दैवतकथा', 'प्राक्कथा' असे दुसरे शब्द आहेत, पण 'पुराणकथा' कुराणातल्या नूहच्या कथेला लावता येत नाही आणि 'दैवतकथा' एकेश्वरवाद्याला लावणं म्हणजे त्याचा मूळ मुद्दाच नाकारणं. मी मुलांना विचारलं, घरी श्रावणात कहाणी कोण वाचतं? आठ-दहा हात वर झाले. शुक्रवारची, सोमवारची, शिळासप्तमीची. हातात अक्षता घ्यायच्या, 'आटपाट नगर होतं' ऐकायचं, शेवटी 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' झालं की अक्षता वाहायच्या. त्या नगराचा नकाशा कुणी मागतं का? आणि म्हणून कहाणी खोटी ठरते का? ती व्रताचा भाग आहे, व्रताशिवाय तिला अर्थ नाही, आणि तिच्याशिवाय व्रत पुरं होत नाही.

वसईची मुलगी म्हणाली, "म्हणजे कथा खरी की खोटी हे विचारायच्या आधी ती कशासाठी सांगतात ते विचारायचं." मी हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं आणि 'मिथक' पुसून टाकला. संज्ञा म्हणून तो शब्द मुलांना माहीत हवाच, परीक्षेतही येतो. पण कथांच्या डोक्यावर शीर्षक म्हणून मी तो त्यानंतर लिहिलेला नाही.

कोंढव्याच्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं की फळ्यावरची ती ओळ विचार न करता लिहिलेली होती. ती काही बोलली नाही, पण वही उघडली.

पुढचे तीन आठवडे आम्ही तक्ता बाजूला ठेवून मूळ मजकूर वाचले. भाषांतरं आणली, शतपथाचा उतारा संस्कृतातून घेतला, आणि प्रत्येक कथेला एकच प्रश्न विचारला: ही कुठे सांगितली आहे, आणि तिथे ती कोणतं काम करते?

सुरुवात शतपथ ब्राह्मणाने, कारण 'आपली' म्हणून तिच्यावर सगळ्यांचा हक्क होता आणि वाचली कुणीच नव्हती. 'मनवे ह वै प्रातः', सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणलं, आणि हात धुताना मासा त्याच्या हातात आला. मासा म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. कशापासून? एक ओघ येणार आहे, तो सगळ्या प्रजा वाहून नेईल. आणि तुला सांभाळायचं कशासाठी? आम्ही लहान असतो तोवर आमचा नाश फार होतो, 'उत मत्स्य एव मत्स्यं गिलति', मासाच माशाला गिळतो. त्याला आधी घागरीत ठेवायचं, मग खड्ड्यात, मग समुद्रात. पूर आल्यावर मनू नावेचा दोर त्याच्या शिंगाला बांधतो आणि मासा त्याला उत्तरेच्या डोंगराकडे ओढत नेतो.

मुलं थांबली. विष्णू कुठे आहे? इथे नाही. मासा मासाच आहे. दैत्य नाही, वेद चोरीला गेलेले नाहीत, सप्तर्षी नाहीत, बियाणं नाही, प्राण्यांच्या जोड्या नाहीत. देवाचा कोप नाही, कुणाचं पाप नाही. पूर का येतो याचं एक अक्षर कारण नाही. माझ्या सोमवारच्या तक्त्यात शतपथाच्या रकान्यात प्राण्यांसमोर खूण होती. ती मी मत्स्यावताराच्या आठवणीतून केली होती, मजकुरातून नव्हे.

मग कथा कशाची? पुरापुढे वाचल्यावर कळतं. एकटा उरलेला मनू पाण्यात तूप, दही, ताक अशा हविर्द्रव्यांची आहुती देतो आणि वर्षभराने त्यातून एक स्त्री वर येते. तिच्या पावलांच्या ठशांत तूप साचतं. ती म्हणते, मी तुझी मुलगी. ती इडा. तिच्यासह यज्ञ करून मनूची प्रजा झाली. आणि हा सगळा मजकूर ब्राह्मणात आला आहे तो अमावास्या-पौर्णिमेला करायच्या दर्शपूर्णमास यज्ञात 'इडा' नावाचा हविर्भाग का काढतात ते सांगताना. पूर ही इथे नुसती वाट आहे. सगळं वाहून गेल्यावर यज्ञातून पुन्हा सगळं निर्माण होतं, म्हणून इडेला एवढं महत्त्व. श्रावणातल्या कहाणीचं आणि व्रताचं नातं इथे उघड दिसलं, आणि वसईच्या मुलीचं वाक्य मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

अत्रहसीसवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ दिला, आणि तो मला कमीच वाटला. या कथेच्या जुन्या विटा इसवी सनापूर्वी सतराव्या शतकातल्या आहेत. कथा सुरू होते तेव्हा माणूसच नाही. कालवे खणायचं काम धाकट्या देवांकडे आहे. ते कंटाळतात, अवजारं जाळतात, मोठ्या देवाच्या, एन्लिलच्या, दाराला वेढा घालतात. तोडगा म्हणून माती आणि एका मारलेल्या देवाचं रक्त कालवून माणूस घडवला जातो, कालवे खणायला. माणसं वाढतात, त्यांचा गोंगाट इतका होतो की एन्लिलला झोप येत नाही. रोगराई, दुष्काळ आणि शेवटी पूर. इथेही पाप नाही. गोंगाट आहे. पुरानंतर देवांना भूक लागते, कारण त्यांना जेवू घालणारंच कुणी उरलेलं नसतं. आणि तडजोड काय होते? पुन्हा पूर नको, पण संख्या आटोक्यात ठेवायची: काही स्त्रिया वांझ असतील, काही पुरोहित स्त्रियांना मूल निषिद्ध असेल, आणि एक राक्षसी बाळं पळवून नेईल.

वर्ग गप्प झाला. बाळं का मरतात, हा या कथेचा प्रश्न आहे. दक्षिण इराकच्या चिखलात कालवे खणत जगणाऱ्या लोकांनी तो विचारला आणि जे उत्तर दिलं त्यात समाधान कमी आहे. मला ही कथा जगातल्या मोठ्या रचनांपैकी एक वाटते, आणि नोहाच्या कथेची 'आधीची आवृत्ती' म्हणून तिला वापरणं मला आता सहन होत नाही.

गिल्गमेश या राजाच्या महाकाव्याच्या अकराव्या विटेवर हाच पूर वेगळ्या कामाला लागतो. मित्र एन्किडू मेल्यावर गिल्गमेश अमरत्व शोधत, पुरातून वाचलेल्या उतनपिश्तिमकडे येतो, आणि तो त्याला पुराची गोष्ट सांगतो ती हे कळावं म्हणून की त्याला मिळालेलं अमरत्व एकदाच, एका विलक्षण प्रसंगात मिळालं, आणि तसा प्रसंग पुन्हा यायचा नाही. गोष्ट संपल्यावर तो म्हणतो, सहा दिवस सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश बसल्या बसल्या झोपतो. ज्याला झोप जिंकता येत नाही त्याला मरण कसं जिंकता येईल?

बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात पुराचं कारण माणसाची दुष्टाई आहे आणि शेवट इंद्रधनुष्याच्या कराराने होतो. वसईच्या मुलीनेच तिथली गाठ दाखवली: एके ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायची आज्ञा आहे, दुसऱ्या ठिकाणी शुद्ध प्राण्यांच्या सात जोड्या. पाऊस ४० दिवस आहे आणि पाण्याचा जोर १५० दिवस. अभ्यासक यात दोन वेगळ्या परंपरा विणलेल्या पाहतात. तिने घरी विचारलं तर वडील म्हणाले, दोन्ही वाच. मला हे उत्तर फार आवडलं.

कुराणात नूह हे इशारा देणारे पैगंबर आहेत. ते साडेनऊशे वर्षं लोकांमध्ये राहिले आणि लोकांनी ऐकलं नाही. सूरह हूदमध्ये लाटा डोंगराएवढ्या उठलेल्या असताना ते मुलाला हाक मारतात, ये, आमच्यासोबत बस. तो म्हणतो, मी डोंगराचा आसरा घेईन. दोघांच्या मध्ये लाट येते. हा भाग वर्गात कोंढव्याच्या मुलीने वाचला. आधी अरबी, मग मराठीतून अर्थ. तिला ही गोष्ट दादीकडून आली होती.

ग्रीसचे ड्युकेलियन आणि पिऱ्हा आईची हाडं म्हणजे दगड खांद्यावरून मागे टाकतात आणि त्यांची माणसं होतात, एवढं सांगून मी पुढे गेले. चीनच्या यूवर मात्र थांबले. तिथे नाव नाही, निवडलेला एक माणूस नाही, पळून जाणं नाही. बाप गुन बांध घालून पाणी अडवायला गेला आणि हरला. मुलगा यूने नद्यांना वाट करून दिली. १३ वर्षं राबला, तीनदा स्वतःच्या दारावरून गेला आणि आत शिरला नाही. त्या कामातून तो राजा झाला. पूर ही तिथे राज्यकारभाराची गोष्ट आहे. अशी कथा माझ्या सोमवारच्या तक्त्यात बसवली असती तर सगळ्या चौकटी कोऱ्या राहिल्या असत्या. बहुधा म्हणूनच मी ती घेतली नव्हती.

मध्य भारतातल्या भिल्लांकडून नोंदलेली एक कथाही वाचली. नदीवर धुणं धुणाऱ्या माणसाला मासा पुराची खबर देतो. तो पेटीत बहिणीला आणि कोंबड्याला घेऊन बसतो. पाणी ओसरल्यावर कोंबड्याच्या आरवण्यावरून रामाला ते सापडतात. आणि खबर फोडली म्हणून माशाची जीभ कापली जाते. मनूच्या माशाशी याचं नातं आहे का, हा प्रश्न उघडाच राहिला. पण मुलांचं लक्ष जिभेकडे गेलं. तारणाऱ्यालाच शिक्षा देणारी दुसरी कथा आमच्या वाचनात नव्हती.

शिरोळचा मुलगा या सगळ्यात बोललाच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात मी इजिप्तविषयी सांगत होते. नाईलला दरवर्षी उन्हाळ्यात पूर यायचा, आणि तो यावा म्हणूनच लोक डोळे लावून बसायचे. पाणी कमी आलं की दुष्काळ. एलिफंटाइन बेटावर पाण्याची उंची मोजायला पायऱ्या कोरलेल्या आहेत. अशा देशात माणसांचा नाश पुराने होईल हे कुणाला सुचणार? त्यांच्या कथेत रा देव माणसांवर चिडून देवीला सोडतो, ती रक्त पीत सुटते, आणि तिला थांबवायला ७००० घागरी लाल रंगवलेली दारू शेतांवर ओततात. ती रक्त समजून ती पिते आणि झिंगून पडते. शेतांवर पसरलेल्या द्रवाने इथे माणसं वाचतात.

तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वाडीला असंच आहे."

नृसिंहवाडी त्याच्या गावापासून जवळ. कृष्णा-पंचगंगेचा संगम. पावसाळ्यात पाणी चढत चढत दत्ताच्या देवळात शिरतं, उत्तरेच्या दारातून आत येऊन पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. निरोप आला की माणसं मिळेल त्या गाडीने धावतात, त्या पाण्यात उभी राहून स्नान करतात. पाणी चढताना एकदा आणि उतरताना पुन्हा. त्याची आत्या एकही चुकवत नाही. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच नद्यांच्या पाण्याने त्यांचं घर छपरापर्यंत गेलं, ते सगळे निवारा केंद्रात होते. "आत्या तिथेही म्हणत होती की दक्षिणद्वार झालं असेल. आई तिच्यावर ओरडली. मला तेव्हा दोघींचं पटलं होतं."

कुणी काही बोललं नाही. मग विज्ञान शाखेच्या मुलीने, जी पृथ्वीभर पूर आला म्हणाली होती, विचारलं, "तुमच्या घरात आता पाण्याच्या पातळीची खूण आहे?" आहे, तो म्हणाला, बाबांनी रंगाने ओढलीय.

तिथून तिच्या मूळ प्रश्नाकडे वळणं सोपं गेलं. वूली या पुरातत्त्वज्ञाला १९२० च्या दशकाच्या शेवटी उर इथे सुमारे आठ फूट जाडीचा स्वच्छ गाळ सापडला, आणि बायबलमधला पूर सापडला असं जाहीर झालं. पुढे मेसोपोटेमियातल्या इतर शहरांतही असे थर सापडले, पण ते वेगवेगळ्या काळातले निघाले. पूर खरे होते, अनेक होते. प्रत्येक गावाने आपापल्या भिंतीवर खूण ओढली होती.

अंतर्गत मूल्यमापनासाठी आधी छापलेला प्रश्न होता, 'दोन प्रलयकथांतील साम्यस्थळे लिहा.' तो मी बदलला. नवा प्रश्न असा: दोन कथा घ्या. एकीत असलेली आणि दुसरीत असूच न शकणारी एक गोष्ट शोधा. का असू शकत नाही ते लिहा.

अडतिसांपैकी बऱ्याच जणांनी सवयीने साम्यस्थळंच लिहिली. तीन आठवड्यांत एवढंच होतं. पण संगणकशास्त्राच्या मुलाने मला चकित केलं. त्याने दोन संस्कृतींऐवजी आपल्याच परंपरेतल्या कथा घेतल्या. शतपथात मासा निनावी. महाभारताच्या वनपर्वात तोच मासा शेवटी सांगतो की मी प्रजापती ब्रह्मा. भागवतात तो विष्णू, आणि वाचणारा राजा द्रविड देशाचा सत्यव्रत, कृतमाला नदीत तर्पण करणारा, नावेला बांधायला वासुकी नाग. त्याने लिहिलं होतं की विष्णूचा मासा शतपथात असू शकत नाही, कारण तिथे तारण यज्ञातून येतं, भक्तीतून नाही. शेवटी त्याने ठामपणे जोडलं होतं की मौखिक परंपरा धरली तर वैदिक कथाच जुनी असू शकते. यावर आमचं वर्गात बोलणं झालं होतं. ऋग्वेदात मनू आहे, पण मासा आणि नावेची ही गोष्ट नाही, आणि मौखिक परंपरेचा मुद्दा सुमेरच्या, म्हणजे प्राचीन दक्षिण मेसोपोटेमियाच्या, बाजूनेही तितकाच मांडता येतो. त्याचं मत बदललं नाही. त्याला मी वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले, एक निबंध सोडून.

तो निबंध कोंढव्याच्या मुलीचा. तिने विषय घेतला होता 'बाहेर राहिलेले'. गिल्गमेशच्या विटेवर उतनपिश्तिम गावकऱ्यांना खरं सांगत नाही. नाव बांधायला सगळं गाव येतं, तो त्यांना बैल कापतो, दारू आणि तेल वाटतो, नव्या वर्षाचा सण असावा तसं. ते सगळे बुडणार आहेत. नावेचं दार बाहेरून लिंपून बंद करणाऱ्या पुझूर-एन्लिल नावाच्या माणसाला तो आपला वाडा सगळ्या सामानासकट देऊन टाकतो, आणि त्या वाड्याला काही तासांचंच आयुष्य उरलेलं आहे. अत्रहसीसमध्ये घरची माणसं नावेत जेवत असतात आणि तो एकटा आत-बाहेर करत राहतो, बसू शकत नाही, पित्त ओकतो. तिने लिहिलं होतं की शतपथात असं कुणी नाही, असू शकत नाही, कारण तिथे मनूच्या आधीची माणसं 'प्रजा' या एका शब्दात येतात आणि जातात; कथेला ती नको आहेत, तिला नवी प्रजा हवी आहे. कुराणात मात्र बाहेर राहिलेला माणूस मध्यभागी आहे. बाप त्याला हाक मारतो, आणि पाणी ओसरल्यावरही त्याच्यासाठी ईश्वराकडे शब्द टाकतो. उत्तर येतं की तो तुझ्या घरातला नाही.

शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं की मेसोपोटेमियातल्या त्या दार लिंपणाऱ्याचं नाव हजारो वर्षांनी तिला वाचता आलं. नूहच्या मुलाचं नाव कुराणात नाही. दादी गोष्ट सांगताना त्याला नुसतं 'बेटा' म्हणायची आणि तिथे थोडा वेळ थांबायची.